बारा वर्षांत कधी चेष्टा केली नाही

आमच्या घरी सुट्टीची भीती असायची. दसरा, दिवाळी, ईद, नाताळ, सण कोणाचाही असो. बाबांच्या दफ्तराला कुलूप लागलं की त्या दिवसाची मजुरी नाही. शाळेत बाई फळ्यावर सुट्ट्यांची यादी लिहायच्या तेव्हा मुली टाळ्या वाजवायच्या. मी ती यादी घरी नेऊन आईला वाचून दाखवायची आणि आई म्हणायची, "इतक्या?" एखादा मोठा पुढारी वारला आणि टीव्हीवर अचानक सुट्टी जाहीर झाली की आमच्या खोलीत खरंच सुतक पडायचं. त्या माणसासाठी नाही. आमच्यासाठी.

बाबा एका सरकारी दफ्तरात दैनिक वेतनावर शिपाई होते. दैनिक वेतन म्हणजे काय ते सांगते, कारण पगारी लोकांना ते माहीत नसतं. बाबांना एकोणनव्वद दिवसांचा आदेश मिळायचा. सलग नव्वद दिवस काम केलं तर माणूस उद्या हक्क सांगेल, म्हणून एकोणनव्वद. मग एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नवा आदेश घ्यायचा, जणू त्या इमारतीत आजच पहिल्यांदा पाऊल ठेवलं. असं करत बाबांनी बारा वर्षं फायली उचलल्या, माठ भरले, साहेबांच्या मुलांना शाळेतून आणलं.

आम्ही भोपाळला अशोका गार्डनमध्ये रेल्वे लाइनला लागून एका खोलीत राहायचो. आई सिटी बसने पिपलानीला जायची, तिथल्या क्वार्टरांमध्ये दोन मराठी इंजिनीअरांकडे स्वयंपाकाला. नागपूरची सरकारी कार्यालयं भोपाळला हलली तेव्हा माझे आजोबा एका साहेबांबरोबर इथे आले होते, त्यांचा स्वयंपाकी म्हणून. साहेबांची मुलं पुढे साहेब झाली. आजोबांचा मुलगा शिपाई झाला, तोही कच्चा. आमच्या घराण्यात कॉलेजचा दरवाजा ओलांडणारी मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

घरात आम्ही मराठी बोलायचो, पण ती हिंदीत भिजलेली होती. चावी नाही, चाबी. "नळाला पाणी आलं" नाही, "नल आला". पिपलानीतल्या एक काकू आईला म्हणायच्या, "अहो, नल आला काय? पाहुणा आहे का तो?" आणि खळखळून हसायच्या. आईही हसायची. त्यांच्या ओट्यापाशी उभं राहून आई दुसरं काय करणार होती? बाहेर हिंदीत आमची मराठी सांडायची आणि मराठी घरांत आमची हिंदी. हसायला दोन्हीकडचे मोकळे.

बाबांच्या दफ्तरात बडे बाबू होते. त्या विभागाचे मुख्य लिपिक. साहेब बदलून जायचे, बडे बाबू जायचे नाहीत. कोणाचं नाव कोणत्या यादीत जाईल हे त्यांच्या पेनावर ठरायचं. ते बाबांना नावाने हाक मारत नसत. "ए इकडम-तिकडम, पानी ला." मराठी माणूस दिसला की त्याला इकडम-तिकडम म्हणायचं, ही इथली जुनी गंमत आहे. चार वाजता चहा आला की बडे बाबू विनोद सांगायचे, आणि बाबा ट्रे घेऊन उभे असले की विनोद हमखास मराठी माणसाचा असायचा.

त्यांचा लाडका विनोद हा. "मराठी के घर जाओ, तो दरवाज़े पर ही पूछता है: खाना खाके आए हो, कि जाके खाओगे?"

हा विनोद मी आयुष्यात कितीजणांवर ऐकला आहे. आमच्या घरी तो पुणेकरांवर सांगायचे. आजी तर सांगताना पदराने डोळे पुसायची. पिपलानीतल्या त्या काकू, ज्या स्वतः पुण्याच्या, तो सिंध्यांवर सांगायच्या. साचा एकच. त्यात मध्ये एक रिकामी जागा ठेवलेली असते. जो समोर नाही, किंवा समोर आहे पण तोंड उघडू शकत नाही, त्याची जात किंवा त्याचा मुलूख तिथे बसवायचा. बस्स.

बाबा बारा वर्षं त्यावर हसले. तेराव्या वर्षी आजी गेली. तिच्या तेरवीला बाबांनी अख्ख्या विभागाला जेवायला बोलावलं. आमच्या खोलीत माणसं मावत नव्हती, म्हणून शेजाऱ्यांच्या अंगणात पंगत बसवली. बडे बाबू आले. त्यांनी पुरणपोळ्या मागून घेतल्या, तूप मागून घेतलं, आणि आईला म्हणाले, "भाभीजी, तृप्त हो गए." मी स्वतः त्यांच्या पानात तिसरी पोळी वाढली होती.

आणि महिना होत नाही तोच चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा तोच विनोद काढला. पाहुणे म्हणून दुसऱ्या विभागाचे दोघे बसले होते. बडे बाबूंनी बाबांकडे हात करून शेवटी वर जोड दिली, "पूछ लो इसी से."

बाबांनी ट्रे टेबलावर ठेवला. म्हणाले, "साहब, ये तो हमने आपके तरफ का सुना था." आणि तोच विनोद, शब्द न शब्द तोच, बडे बाबूंच्या जिल्ह्याचं नाव घालून सांगितला. त्या जिल्ह्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तिथल्या लोकांचा काय दोष.

पाहुण्यांपैकी एकजण हसला आणि हसणं खोकल्यात लपवून मोकळा झाला. बाकी कोणी नाही. पाच मिनिटांपूर्वी जो विनोद होता तो आता उद्धटपणा झाला होता. एक अक्षर बदललं नव्हतं. फक्त सांगणारा उभा होता आणि ऐकणारा खुर्चीत बसला होता.

तिसऱ्या दिवशी बाबांच्या हातात कागद आला. आपण वरिष्ठांचा उपहास केला, लेखी स्पष्टीकरण द्या. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच महिन्यात दैनिक वेतनावरच्या लोकांना नियमित करायची यादी बनत होती. बाबांचं नाव त्यात होतं. एकोणनव्वद दिवसांचं चक्र संपणार होतं. आईने तर पिपलानीतलं एक घर सोडायचंही मनात धरलं होतं, तिचे गुडघे दुखायचे. त्या स्पष्टीकरणावर हे सगळं टांगलेलं होतं, आणि ते स्पष्टीकरण लिहिलं मी.

मी आठवीत होते. शाळा हिंदी माध्यमाची, अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं. बाबा हिंदी फर्राटेदार बोलायचे, पण लिहिताना वेलांट्या कुठे द्यायच्या त्यांना कळायचं नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो.

"उपहास म्हणजे काय वं?" बाबांनी विचारलं.

"चेष्टा," मी म्हटलं.

"मजाक ना?"

"हो, तेच."

"त्यानं केली ते मजाक, मी केली ते उपहास," बाबा स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "पण सरकारी कागदात मजाक नको लिहू. हलका शब्द आहे. शुद्ध लिही. चेष्टा लिही."

मी लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात, ओळ सरळ यावी म्हणून खाली पट्टी धरून लिहिलं: "मैंने बारह वर्ष की सेवा में कभी कोई चेष्टा नहीं की और आगे भी नहीं करूँगा।"

बाबांनी सही केली. आईने कागदावर हळद लागू नये म्हणून तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

दोन दिवसांनी बाबा घरी आले आणि चपला काढता काढता विचारलं, "हिंदीत चेष्टा म्हणजे काय?"

"मजाक," मी म्हटलं.

"नाही म्हणते लोक."

दुसऱ्या दिवशी मी हिंदीच्या बाईंना विचारलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर चांगल्या विद्यार्थ्याची लक्षणं रंगवली होती. त्यात पहिलं लक्षण होतं कावळ्यासारखी चेष्टा. मी रोज ते वाचायची आणि मला वाटायचं, कावळा जसा दुसऱ्याला टोचून खिजवतो तशी थट्टा. चांगल्या विद्यार्थ्याने असं का करावं हे मला समजत नव्हतं, पण परीक्षेत येणार नव्हतं म्हणून सोडून दिलं होतं. बाई म्हणाल्या, "चेष्टा यानी कोशिश, बेटा. प्रयत्न. कौआ कितनी कोशिश करता है, देखा नहीं?"

बाबांनी सरकारला लिहून दिलं होतं की बारा वर्षांच्या नोकरीत मी कधी कसलाही प्रयत्न केला नाही, आणि पुढेही करणार नाही.

यादीतून त्यांचं नाव कापलं गेलं. फायलीवर टीप चढली: कर्मचाऱ्याने स्वतः लेखी मान्य केलं आहे की सेवाकाळात त्याने कोणतीही चेष्टा केलेली नाही, नियमितीकरणाची शिफारस करता येत नाही. आणि दफ्तरात बाबांना नवीन नाव मिळालं, चेष्टाराम. "क्यों चेष्टाराम, चाय की चेष्टा करोगे?" "आज चेष्टाराम ने बड़ी चेष्टा करके माठ भरा है." हे बाबा स्वतः घरी येऊन सांगायचे. हसत सांगायचे. पाहुणे आले की त्यांनाही सांगायचे, माझ्या वाक्यासकट. मी उठून बाहेर जायची. मला तेव्हा वाटायचं बाबांना काही लागतच नाही. आता कळतं, दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगितलं की कमी लागतं. ते हसणं मी चांगलं ओळखते. पिपलानीच्या ओट्यापाशी आई हसायची तेच.

मी मात्र एवढंच धरून बसले की चूक माझी. पेन माझ्या हातात होतं. बाबा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत, आणि त्याचा जास्तच त्रास व्हायचा.

बारावीनंतर मी हिंदी घेऊन बी. ए. केलं. लोक विचारायचे, मराठी मुलगी आणि हिंदी? आवड म्हणून नाही घेतली मी हिंदी. रागाने घेतली. एका शब्दाने माझ्या बापाची पक्की नोकरी खाल्ली, तर त्या भाषेतला एकही शब्द यापुढे मला फसवणार नाही, असं ठरवून घेतली. प्रथम श्रेणीत पास झाले. त्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आईने दोन्ही क्वार्टरांत नेऊन दाखवली.

पण स्वतःबद्दलही खरं लिहायला हवं, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही. कॉलेजात माझी एक मैत्रीण होती, सिंधी. रविवारी मी तिच्या घरी अभ्यासाला जायची. तिची नानी भेंडी घातलेली कढी आणि भात वाढायची, नको म्हटलं तरी. एकदा कँटीनमध्ये सगळ्या मुली बसलो होतो, एकामागून एक विनोद चालले होते. माझी पाळी आली. मी म्हटलं, "सिंधी के घर जाओ, तो दरवाज़े पर ही पूछता है..."

हो. तोच. मीच सांगितला.

सगळ्या हसल्या. मैत्रीणही हसली. बसस्टॉपवर आम्ही दोघीच उरलो तेव्हा ती म्हणाली, "नानी तो तेरे लिए अलग से भिंडी रखती है." एवढंच. रागावली नाही, बोलणं टाकलं नाही. मला म्हणावंसं वाटलं, अगं मजाक होता. शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडकला, कारण बाबांचं "त्यानं केली ते मजाक" मला आठवलं. मी माफी मागितली. पण पुढच्या रविवारी नानीने वाढलेला भात मला गिळवेना.

तेव्हापासून कोणी मला म्हणालं ना, की मजाक को मजाक की तरह लो, माझं डोकं फिरतं. का घ्यायचा? जो सांगतो तोच ठरवणार की लागलं की नाही? धोंडा ज्याच्या पायावर पडला त्याला विचारा ना. आणि लोक म्हणतात, तो तर स्वतः हसत होता. अहो, ज्याचा आदेश तुमच्या खिशात आहे तो हसणारच. त्याच्या हसण्याची साक्ष काढू नका.

बी. ए. नंतर बी. एड. केलं आणि अशोका गार्डनमधल्या एका खासगी शाळेत मी हिंदी शिकवायला लागले. बाबा अजून दैनिक वेतनावरच होते. आईने स्वयंपाकाची घरं सोडली होती, पण मराठी मंडळींकडे कार्यक्रम असला की साबुदाणावड्यांची ऑर्डर घ्यायची. बाबा सुट्टीच्या दिवशी तिच्यासोबत जाऊन तळणीला उभे राहायचे.

बरखेड्याच्या एका सभागृहात मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, तेव्हाची ही गोष्ट. दुपारचा कार्यक्रम होता: भोपाळी मराठीच्या गमती. ज्याने त्याने मंचावर येऊन भाषेच्या घोटाळ्याचा एक किस्सा सांगायचा. आई-बाबा मागच्या पडवीत वडे तळत होते. मी शेवटच्या रांगेत बसले होते.

दोन-तीन किस्से झाले. एकाच्या सासूने हिंदी पाहुण्याला "खाली बैठो" सांगितलं आणि, हिंदीत खाली म्हणजे रिकामं, तो रिकामी खुर्ची शोधत राहिला. मीही हसले. मग एक निवृत्त गृहस्थ आले. शुद्ध, पुणेरी मराठी. माइक हातात घेऊन म्हणाले, "आमच्या दफ्तरात एक शिपाई होता. आपलाच हं, विदर्भातला..."

मी पडवीच्या दाराकडे पाहिलं.

त्यांनी सगळं सांगितलं. छान सांगितलं. "मैंने बारह वर्ष की सेवा में" पाशी ते थांबले, सभागृह वाट बघू लागलं, आणि मग त्यांनी पुढचं वाक्य टाकलं. "आणि आगे भी नहीं करूँगा!" लोक पोट धरून हसले. विनोद चांगला आहे. हे मान्य करायला मला लाज वाटत नाही. मीच लिहिलाय तो.

पण ते थांबले नाहीत. म्हणाले, "अहो, खरी गंमत पुढे आहे. मी तेव्हा आस्थापना शाखेत. बडे बाबू तो कागद घेऊन माझ्याकडे आले, 'ये मराठा लिखता क्या है भाई?' मी म्हटलं, साहेब, मराठीत चेष्टा म्हणजे मजाक, त्याला म्हणायचंय की मी मजाक केली नाही. तर ते टेबलावर हात आपटून हसले! म्हणाले, 'फिर तो काग़ज़ ऐसे ही जाने दो. इससे अच्छी चेष्टा क्या होगी!'"

पुन्हा हशा. टाळ्या.

मी इतकी वर्षं समजत होते की माझ्या चुकीने बाबांची पक्की नोकरी गेली. पण बडे बाबूंना अर्थ कळला होता. विचारून, समजून, हसून मग त्याने टीप लिहिली होती.

मी उभी राहिले. "काका, त्या शिपायाचं पुढे काय झालं?"

ते हसत म्हणाले, "पुढे? पुढे काय, किस्सा संपला."

"नाही संपला. तो शिपाई मागे वडे तळतोय. तुम्ही मघाशी दोन घेतलेत."

 मग पहिल्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "अगं, विनोद होता तो. इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं."

"मनाला नाही लागलं, काकू. पोटाला लागलं," मी म्हटलं, आणि बाहेर आले.

पडवीत बाबांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. त्यांच्या हातात झारा होता. "कायले केलं असं भर सभेत? लोकांचे वडे थंडे होऊन राहिले."

"बाबा, त्या बड्या बाबूला मराठीतला अर्थ माहीत होता."

"कोणाला?"

"त्याला. आत किस्सा सांगणाऱ्या काकांनी त्याला सांगितला होता. तरी त्याने तसंच लिहिलं."

बाबांनी झारा कढईत तसाच राहू दिला. म्हणाले, "मले वाटत होतं, त्याले कळलं नाही. म्हणून मी कधी काही बोललो नाही. न समजणाऱ्यावर काय रागवायचं." मग त्यांचा आवाज चढला. मी त्यांचा चढलेला आवाज त्याआधी ऐकला नव्हता. "समजून लिहिलं हरामखोरानं?"

आईने गॅस बंद केला.

ते निवृत्त गृहस्थ चपला शोधत बाहेर आले तेव्हा मी त्यांना गाठलं. सोबत त्यांच्या पत्नी होत्या. ते म्हणाले, "हे बघ बाळ, मी तेव्हा साधा क्लार्क होतो. माझ्या हातात काय होतं?"

"तेव्हा नव्हतं. आज आहे. माइकवर जे बोललात ते कागदावर लिहून द्या."

"अगं, विनोद कोणी असा लिहून देतं का?"

"माझ्या बाबांनी दिला होता."

 ते पेन्शनचं काहीतरी पुटपुटू लागले, उगाच जुनी भानगड, बडे बाबू तर निवृत्त होऊन कुठच्या कुठे गेले, वगैरे. तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "द्या हो लिहून. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत हा किस्सा आम्हाला ऐकवता. एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडू दे."

पुढच्या रविवारी आम्ही बापलेक त्यांच्या घरी गेलो. त्यांनी लिहिलं. पान भरून, तारखेच्या अंदाजासकट, आपल्या पदासकट, खाली सही. बाबा सगळा वेळ उभे होते. "बसा ना," ते म्हणाले. बाबा म्हणाले, "आधी लिहा."

माहितीच्या अधिकारात मी फायलीची प्रत मागवली. तिच्यात माझं आठवीतलं अक्षर होतं. त्याखाली बड्या बाबूंची टीप, लाल शाईत एक ओळ अधोरेखित. मी अर्ज लिहिला, हिंदीत, आणि त्यातला एकेक शब्द कोशात पाहून लिहिला. सोबत मराठी आणि हिंदी कोशांतल्या त्या शब्दाच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आणि त्या गृहस्थांचं निवेदन. पहिल्या अर्जाचं उत्तर आलं नाही. दुसऱ्याला उत्तर आलं की प्रकरण जुनं आहे. तिसरा अर्ज घेऊन मी बाबांना सोबत नेलं आणि नव्या अधिकारी बाईंच्या दारात सकाळपासून बसून राहिले.

दुपारी त्यांनी आत बोलावलं. फाइल वाचली. माझ्या वाक्यापाशी आल्या आणि हसल्या. अगदी मोकळ्या हसल्या.  त्यांनी पुढचं पान उलटलं, निवेदन वाचलं, आणि मान वर न करता विचारलं, "मतलब उन्हें पता था?"

"जी. पता था."

"और फिर भी?"

"जी."

त्यांनी बाबांना बसायला सांगितलं. या वेळी बाबा बसले. बाईंनी आणखी काही विचारलं नाही. पेन उघडलं आणि लिहायला लागल्या.

ती टीप रद्द झाली. निवृत्तीला चार वर्षं बाकी असताना बाबा नियमित झाले.